समाज आणि त्याच्या संस्था नेमक्या कशासाठी असतात?

लालबागकर (प्रश्न)

माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. 1998 मध्ये वडील वारले, तेव्हा डॉक्टर जिना उतरेपर्यंत चाळीतली मुले बांबू, सुतळी आणि मडके आणायला निघालीसुद्धा होती. आम्ही कोणालाही काही सांगितले नव्हते. पुढचे तीन दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही, कारण दोन्ही वेळचा पिठले-भात शेजारून येत होता. नंतर पागडीची ती खोली सोडून आम्ही परळमधील एका उंच इमारतीत घर घेतले. गेल्या महिन्यात तेथे आई गेली. रखवालदाराने अत्यंत अदबीने सांगितले की पार्थिव मागच्या लिफ्टनेच न्यावे लागेल. त्या लिफ्टजवळ फलक आहे: 'सामान, कचरा, घरकामगार व मयत यांच्यासाठी'. आम्ही नियम पाळला. तक्रार करावी असे कोणी वागलेही नाही, आणि तरीही काहीतरी मोडले आहे असे तेव्हापासून वाटत राहिले आहे.

म्हणून विचारतो. समाज म्हणजे एकमेकांच्या उपयोगी पडणारी माणसे, की एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून केलेली नियमांची व्यवस्था? कुटुंब, जात, गृहनिर्माण संस्था, शासन या सर्वांना आपण 'संस्था' म्हणतो. पण या सगळ्यांचे काम एकच आहे का?

जुना मास्तर

मी आयुष्यभर समाजशास्त्र शिकवले, म्हणून आधी शब्दांकडे वळतो; सवय जात नाही. 'समाज' म्हणजे मुळात एकत्र जाणे, जमणे. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात 'समाज' भरवू नये असा हुकूम आहे, आणि तेथे अभिप्रेत असलेला समाज म्हणजे जत्रेसारखा मेळावा. पुढे मुंबईत 1867 मध्ये प्रार्थना समाज आणि पुण्यात 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, तेव्हा या शब्दात एक वेगळीच शक्यता आली. ज्यात माणूस जन्मतो त्या समाजाशेजारी, ज्यात तो स्वतःच्या इच्छेने दाखल होतो असाही समाज उभा राहिला.

'संस्था' या शब्दाची अडचण मोठी आहे. नोंदणी क्रमांक असलेली ती संस्थाच आणि विवाह, वारसा, मालमत्ता याही संस्थाच. दोन्हींत समान काय, तर प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागू नये अशी वागण्याची घडी. तुमच्या वडिलांच्या वेळी मुले बांबू आणायला धावली, ती सगळी तुमच्यावर जीव टाकत होती असे नाही. त्यांतल्या एखाद्याचे तुमच्याशी नळावरून भांडणही झाले असेल. अशा वेळी काय करायचे हे आधीच ठरलेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

एमिल दुर्खिम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1893 मध्ये केलेला भेद येथे कामाचा आहे. एक एकोपा सारखेपणातून येतो, दुसरा श्रमविभागणीतून. गिरणगावात पुरुष एकाच गिरणीच्या पाळीला जात, अनेकांची गावेही एकाच पट्ट्यातली असत. तेथील एकोपा मुख्यतः पहिल्या प्रकारचा. उंच इमारतीत आपण लिफ्टवाल्यावर, पाण्याच्या पंपावर, दूध आणणाऱ्यावर चाळीपेक्षाही अधिक अवलंबून असतो, फक्त त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. तुमची इमारत म्हणजे समाजाचा अभाव नव्हे. तो समाजच आहे, मात्र त्याची घडी अजून बसलेली नाही.

खाडीपलीकडची

मास्तरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु चाळीचे हे चित्र मला निम्मेच वाटते. रायगड जिल्ह्यातील आमच्या गावात माझ्या काकाने जातीबाहेर लग्न केले, म्हणून गावकीने आमचे घर वाळीत टाकले. त्या वर्षीच्या शिमग्यात पालखी घरोघरी थांबत आली. आजीने अंगण सारवले होते, ओटीचे तबक हातात घेऊन ती उंबऱ्यावर उभी होती. ढोल आमच्या दारापर्यंत वाजत आले आणि पुढच्या दारात गेले. तबकातला नारळ तिने दुसऱ्या दिवशीही फोडू दिला नाही. मुंबईत गाववाल्यांची जी सामाईक खोली होती, तेथून काकाची ट्रंकही त्याच आठवड्यात बाहेर आली. ही माणसेसुद्धा एरवी कोणाच्याही मयताला न सांगता धावत येणारीच होती.

या गोष्टीवर कायद्याने फार उशिरा हात घातला. बहिष्काराविरुद्धचा 1949 चा मुंबई प्रांताचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर रद्द ठरवला. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवणारा महाराष्ट्राचा कायदा 2016 चा असून तो 2017 मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ज्या घडीतून मदत आपोआप येते, त्याच घडीतून माणूस आपोआप बाहेरही फेकला जातो, आणि म्हणून कुटुंब व जात यांच्यावर राज्य नावाची आणखी एक संस्था लागते.

आता एक प्रश्न विचारते, राग मानू नका. त्या फलकावर चार शब्द आहेत. चौथा शब्द आईच्या वेळी तुम्हाला टोचला. तिसरा शब्द त्याआधी कधी टोचला होता का?

मानद सचिव

मी दुसऱ्या एका इमारतीत नऊ वर्षे सचिवाचे काम पाहत आहे (मानद, म्हणजे शिव्या फुकट), त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो. स्ट्रेचर लहान लिफ्टमध्ये आडवे मावत नाही, आणि असा नियम बहुधा तेवढ्याच कारणाने सुरू होतो. पुढे कोणीतरी फलक रंगवताना जे जे डोळ्यांसमोर नको ते सारे एका ओळीत बसवतो.

गृहनिर्माण संस्थेला मात्र केवळ नियमांचा डबा समजू नये. गावदेवीत 1915 च्या सुमारास सारस्वतांनी मुंबईतील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली. ती ज्ञातीच्या आधारावर उभी राहिली हे खरे, परंतु सहकाराचे तत्त्व मोलाचे होते: घर लहान असो वा मोठे, सभासदाला मत एकच. कंपनीत जितके शेअर तितकी मते असतात, येथे तसे नाही. अर्थात या तत्त्वालाही दाराशीच अडवता येते. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सभासदत्व एका समुदायापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. मला तो निर्णय पटत नाही, पण कायदा तसा आहे.

दैनंदिन अनुभव याहून साधा आहे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा सात-आठ जणांत उरकते, आणि असे फलक 'ऐनवेळचे विषय' या शीर्षकाखाली मंजूर होतात. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. इतिवृत्त मागवून पाहा.

लालबागकर

इतिवृत्त मिळाले. ठराव चार वर्षांपूर्वीचा असून त्यात 'स्ट्रेचर व अवजड सामान' एवढेच शब्द आहेत. उरलेला मजकूर फलकावर कसा आला, हे कार्यालयात कोणालाच सांगता आले नाही. खाडीपलीकडची यांच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. आईची शुश्रूषा करणाऱ्या बाई अडीच वर्षे त्याच लिफ्टने ये-जा करत होत्या, आणि मी रोज तो फलक पाहत होतो.

आमचे 140 सभासद आहेत, म्हणजे 28 सह्या हव्यात. तिसरा आणि चौथा असे दोन्ही शब्द काढावेत अशी मागणी लिहून मी दारोदार फिरत असून आतापर्यंत 11 सह्या झाल्या आहेत. सोळाव्या मजल्यावरील एका सद्गृहस्थांनी आईविषयी मनापासून दुःख व्यक्त केले, मला बसवून चहा दिला, अर्ज दोनदा वाचला आणि सांगितले की चौथा शब्द काढायला त्यांची हरकत नाही, तिसऱ्यासाठी मात्र ते सही करणार नाहीत. चहाचा ट्रे त्या वेळी त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या हातात होता.