झाडांची रांग वारा अडवते की शेजाऱ्याचे पीक खाते?

धागाकर्ता : "झाडांची भिंत उभारा, वाळू आपोआप थांबेल," असे काल इथे कोणीतरी लिहिले, ते वाचून राहवले नाही. भिंत हवीच कशाला? दाट पट्ट्यावर धडकलेला वारा वरून उसळतो आणि पलीकडे भोवरे करीत लगेच जमिनीवर उतरतो. ज्या पट्ट्यातून निम्म्याच्या आसपास वारा गाळून जातो, तो मात्र झाडांच्या उंचीच्या १० ते २० पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी ठेवतो.

प्रतिसाद १ : हे गणित ज्याच्या शेतात पट्टा आहे त्याच्या सोयीचे आहे. आमच्या बांधाला लागून शेजाऱ्यांनी निलगिरी लावली आणि तिसऱ्या वर्षापासून आमच्या कडेच्या आठ ओळी गुडघ्याच्या वर गेल्याच नाहीत. वारा त्यांचा अडला, पाणी आमचे गेले.

प्रतिसाद २ : दोष पट्ट्याचा नाही, निगराणीचा आहे. आम्ही दर दोन-तीन वर्षांनी झाडांच्या कडेने चर खणून मुळ्या तोडतो. कुदळीखाली अंगठ्याएवढी मुळी तुटते आणि ओढत गेलो की तिचे टोक दहा पावले आत, पिकाखाली सापडते. चर खणल्यावर कडेचे पीक सावरते.

प्रतिसाद १ : झाडे त्यांची आणि चर आम्ही खणायचा? ही मजुरी कोणी भरून द्यायची, ते आधी सांगा आणि मग आम्हाला निगराणी शिकवा.

प्रतिसाद ३ : मुळ्यांच्या भांडणात वाळू राहूनच गेली. वाळूचे बहुतेक कण गुडघ्याच्याही खालून उड्या मारत पुढे सरकतात, त्यामुळे खोडे मोकळी आणि शेंडे उंच असलेली रांग त्यांना अडवूच शकत नाही, उलट वारा खोडांच्या मधून अधिक वेगाने घुसतो. खाली झुडपे हवीतच. शिवाय जात एकच नको, कारण चीनमध्ये १९७८ पासून चाललेल्या मोठ्या वृक्षपट्टा योजनेत पॉप्लरच्या सलग लागवडी खोडकिड्याने पोखरल्या.

धागाकर्ता : झुडपांचा मुद्दा माझ्या लिहिण्यातून सुटला होता, तो स्वीकारतो. कडेच्या नुकसानीबद्दलही प्रतिसाद १ यांचे म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागते, कारण पट्ट्यालगत, साधारण झाडाच्या उंचीएवढ्या अंतरात, पीक मार खाते. म्हणून तेवढी जागा लावणाऱ्याने स्वतःच्याच हद्दीत सोडावी.

प्रतिसाद १ : तेवढी जागा सुटणार असेल तर माझी हरकत नाही. मात्र चर तुमच्या बाजूने आणि तुमच्याच खर्चाने.