खेळ आणि अभ्यास एकाच संगणकावर : सुटे भाग निवडतानाचे आपले अनुभव

घरातल्या मुलामुलींचा अभ्यास आणि त्यांचे आवडते गेम्स ही दोन्ही कामे चारपाच वर्षे विनातक्रार पेलेल असा दमदार संगणक, सुटे भाग स्वतः निवडून जोडावा, असे अनेकांच्या मनात असते. माहितीची आज वानवा नाही. तुलनेचे तक्ते आणि चाचण्यांचे आलेख हवे तेवढे सापडतात. परंतु एखादा भाग रोजच्या वापरात कसा ठरतो, कुठे हात सढळ ठेवायला हवा होता आणि कुठे आखडता घेतला तरी चालले असते, हे वापरणाऱ्यालाच कळते. म्हणून हा अनुभव धागा. कृपया नुसती यादी देऊ नये. तो भाग का निवडला हे कारणासह लिहावे. सुरुवात मी करते.

आमच्याकडे मुलगी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे आणि मुलगा शाळेत आहे. एकीला बारीक रेषांची रेखाचित्रे तासन्‌तास पाहायची असतात आणि दुसऱ्याला वेगवान खेळ हवे असतात. आम्ही सर्वांत आधी मॉनिटर ठरवला आणि ग्राफिक्स कार्डाचा (पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागाचा) विचार त्यानंतर केला, कारण कार्डावर किती भार पडणार हे मुख्यतः पडदाच ठरवतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० वर सुमारे ३७ लाख आणि ३८४० × २१६० म्हणजे ‘फोर-के’वर सुमारे ८३ लाख. फोर-के पडदा घेतला की कार्डाला प्रत्येक चित्रचौकटीत १९२० × १०८० च्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात आणि मग कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट अशी सगळी साखळीच वरच्या श्रेणीत सरकते.

आम्ही २७ इंची, १४४० रेषांचा आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) पडदा निवडला. याच आकारात १०८० रेषा घेतल्या असत्या तर एका इंचात जेमतेम ८२ पिक्सेल आले असते आणि अक्षरांच्या कडा खरखरीत दिसल्या असत्या; १४४० मध्ये ती संख्या १०९ होते. ओलेड (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो अशा) पडद्यांचे रंग आणि गडद काळेपणा पाहून मोह झाला होता, हे खरे. मात्र अभ्यासाच्या वेळी खालची टास्कबार आणि आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या पट्ट्या दिवसभर एकाच जागी स्थिर राहतात आणि अशा स्थिर चित्राचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका ओलेडमध्ये असतो. शिवाय काही ओलेड पडद्यांत उपपिक्सेलांची (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची) मांडणी वेगळी असल्यामुळे बारीक अक्षरांच्या कडेला रंगाची पुसट किनार दिसते. ज्यांचा वापर खेळ आणि चित्रपट एवढाच आहे त्यांनी ओलेड जरूर घ्यावा. जिथे वाचन अधिक आहे तिथे मी आजही आयपीएसच घेईन.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी

धागाकर्त्या ताईंनी पडद्यापासून सुरुवात केली, हे फार योग्य झाले. मी प्रोसेसरविषयी लिहितो, कारण माझा सर्वाधिक वेळ तिथेच गेला. माझ्यासमोर दोन पर्याय होते : ८ कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि तब्बल ९६ एमबी एल-३ कॅश (प्रोसेसरमधलीच अतिवेगवान मेमरी) असलेला एएमडी कंपनीचा रायझन ७ ९८००एक्स३डी, किंवा १६ कोर आणि ६४ एमबी कॅश असलेला त्याच कंपनीचा रायझन ९ ९९५०एक्स. खेळामध्ये प्रोसेसरला त्याच त्या छोट्या छोट्या माहितीकडे पुन्हा पुन्हा वळावे लागते. ती माहिती कॅशमध्येच सापडली तर रॅमपर्यंतचा हेलपाटा वाचतो. म्हणूनच निम्मे कोर असूनही पहिला प्रोसेसर खेळांत पुढे राहतो. उलट मोठा प्रोग्राम कंपाइल करणे (यंत्राच्या भाषेत बदलणे), व्हिडिओ एन्कोड करणे किंवा समांतर चालणारे सिम्युलेशन ही कामे जितके कोर मिळतील तितके वापरतात.

मी माझा वर्षभराचा अभ्यास तपासून पाहिला. कॅडमध्ये (संगणकावरील आरेखनात) मॉडेल उभे करण्याचे बहुतेक काम एकाच कोरवर चालते, आणि खरोखर सगळे कोर व्यापणारी सिम्युलेशने सत्राच्या शेवटी काही दिवसच लागतात. त्या दिवसांत थोडे थांबणे मला परवडणारे होते, त्यामुळे मी ८ कोरांचा घेतला. ज्यांचे काम रोजच कंपाइल करण्याचे आहे त्यांनी माझे अनुकरण करू नये. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : पडदा फोर-के असेल तर बहुतेक वेळ कार्डच अडखळण्याची जागा ठरते आणि प्रोसेसरांमधला फरक बराच पुसला जातो.

सॉकेटचा (मदरबोर्डावरील प्रोसेसर बसवण्याच्या जागेचा) विचार मी भविष्यासाठी केला. एएम५ हे सॉकेट २०२२ मध्ये आले आणि त्याला किमान २०२७ पर्यंत पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केलेले आहे, म्हणजे पुढे मदरबोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलण्याची वाट मोकळी राहते. या सॉकेटवर फक्त डीडीआर५ रॅम चालते, त्यामुळे जुन्या संगणकातली डीडीआर४ पट्टी इथे उपयोगी पडत नाही.

रॅम घेताना चारही खाच भरण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. दोन पट्ट्या असताना या प्रोसेसरांची अधिकृत गती ५६०० (सेकंदाला इतके दशलक्ष हस्तांतर) आहे. चार पट्ट्या लावल्या की तीच ३६०० वर येते. म्हणून १६ जीबीच्या चार पट्ट्यांऐवजी ३२ जीबीच्या दोन घेतल्या आणि त्या प्रोसेसरपासून मोजता दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवल्या. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर गतीने चालवणारी सोय, सुरू केल्यावर त्या ६००० गतीने व्यवस्थित चालतात; ते सुरू केले नाही तर पट्ट्या कमी गतीनेच धावत राहतात. पहिल्यांदा संगणक सुरू होताना मात्र धीर धरावा. मदरबोर्ड रॅमशी जुळवणी करत असतो, पंखे फिरत असतात आणि पडदा कित्येक मिनिटे काळाच राहतो. त्या वेळी घाबरून वीज बंद करू नये.

ॲनिमेशनची विद्यार्थिनी

माझा अभ्यास म्हणजे ब्लेंडर हे त्रिमितीय ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर, आणि त्यामुळे माझी निवड खेळणाऱ्यांपेक्षा थोडी निराळ्या वाटेने झाली. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०७० टीआय आणि एएमडीचे आरएक्स ९०७० एक्सटी ही दोन्ही कार्डे १६ जीबी मेमरीची आहेत आणि केवळ खेळायचे असेल तर दोन्ही उत्तम आहेत. मी पहिले घेतले, कारण रेंडरिंगसाठी (दृश्याचे अंतिम चित्र तयार करण्यासाठी) ब्लेंडर ऑप्टिक्स या तंत्राचा जो उपयोग करते तो एनव्हिडियाच्या कार्डांवरच मिळतो, आणि आमच्या अभ्यासक्रमातली इतरही काही साधने एनव्हिडियाच्याच कुडा या प्रणालीवर अवलंबून आहेत. आपल्याला शिकताना कोणती सॉफ्टवेअर वापरायची आहेत, त्यांची यादी हातात घेऊनच कार्ड निवडावे.

कार्डाच्या मेमरीविषयी मी थोडे ठामपणे लिहिते. दृश्यातील वस्तू, पोत (पृष्ठभागांवरची चित्रे) आणि प्रकाशाची सगळी माहिती कार्डाच्या मेमरीत मावली तर रेंडर सुरळीत होते. मावली नाही तर ते अत्यंत संथ होते किंवा मधेच थांबते. रॅम नंतर वाढवता येते, एसएसडी वाढवता येते. कार्डावरची मेमरी मात्र घेतली तेवढीच राहते. खेळातही ८ जीबीच्या कार्डावर उच्च दर्जाचे पोत लावले की चित्र झटके खाऊ लागते, जरी कार्डाची मूळ ताकद पुरेशी असली तरी.

‘फ्रेम जनरेशन’चे आकडे पाहून कार्डांची तुलना करू नये, असेही मला वाटते. दोन खऱ्या चौकटींच्या मधे कार्ड स्वतः तयार केलेल्या चौकटी घालते. त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते, पण आपण माउस हलवल्यावर खेळाने दिलेला प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही. मूळची गती सेकंदाला ६० चौकटींच्या आसपास असेल तर ही सोय सुखद वाटते. मूळ गतीच कमी असेल तर आकडा मोठा दिसतो आणि हात जड वाटतो.

संगणकदुरुस्तीचे काम करणारा

वरचे तिन्ही अनुभव वाचून समाधान वाटले. मला पॉवर सप्लायवर लिहायचे आहे, कारण नव्या संगणकाच्या यादीत हाच भाग शेवटी, उरलेल्या पैशांत घेतला जातो आणि मला त्याची काळजी वाटते.

आरटीएक्स ५०९० या कार्डाची कमाल वीजखपत ५७५ वॅट आहे आणि त्यासाठी १००० वॅटचा सप्लाय सुचवलेला आहे; ५०८० साठी ३६० आणि ८५०, तर ५०७० टीआयसाठी ३०० आणि ७५०. ही शिफारस पाळावी. डब्यावरचे ‘८० प्लस गोल्ड’ हे चिन्ह किती वीज वाया जाते एवढेच सांगते. आतले कपॅसिटर कसे आहेत, संरक्षक व्यवस्था नीट चालते का, हे ते सांगत नाही. त्यासाठी आतील भाग उघडून केलेली तपशीलवार परीक्षणे वाचावीत आणि हमीचा काळ पाहावा. चांगल्या सप्लायवर १० वर्षांची हमी मिळते, म्हणजे तो पुढच्या संगणकातही वापरता येतो.

नव्या कार्डांची १६ पिनांची जोडणी ६०० वॅटपर्यंत वीज वाहून नेते, आणि तिथे हयगय चालत नाही. कार्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी टेबलावर ठेवूनच केबल एकदा लावून पाहावी, म्हणजे किती जोर लागतो ते हाताला कळते. कॅबिनेटमध्ये बसवल्यावर टॉर्च घेऊन बाजूने पाहावे. प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये केसाएवढीही फट दिसता कामा नये. प्लगपासून तीन-साडेतीन सेंटीमीटर केबल सरळ जाऊ द्यावी आणि मगच वळवावी. काचेचे दार केबलवर दाबून बसत असेल तर ते कॅबिनेट त्या कार्डासाठी अरुंद आहे, असे समजावे. पिन पूर्ण टेकल्या नाहीत की थोड्याच पिनांमधून सारा प्रवाह जातो आणि प्लास्टिक वितळते.

आणखी एक सूचना कळकळीने करतो. सुट्या केबलींचा सप्लाय बदलताना जुन्या केबली नव्या सप्लायला कधीही लावू नयेत, जरी त्या नेमक्या बसत असल्या तरी. सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रमाणित नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही ती वेगळी असू शकते. चुकीची केबल लागली तर एका क्षणात एसएसडीपासून मदरबोर्डपर्यंत काहीही जळू शकते, आणि माझ्या टेबलावर असे संगणक आलेले आहेत.

रात्री उशिरापर्यंत वाचणारी एक विद्यार्थिनी

आवाजाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहिते. ज्या खोलीत वाचायचे त्याच खोलीत हे यंत्र असणार असेल तर पुढून जाळी असलेले कॅबिनेट आणि मोठे, सावकाश फिरणारे पंखे घ्यावेत. काचेच्या बंद दर्शनी भागामागे पंख्यांना हवा ओढायला झगडावे लागते आणि तो झगडा ऐकू येतो. मी पाण्याच्या कूलरऐवजी दोन पंख्यांचा टॉवर कूलर घेतला; १२० वॅटच्या प्रोसेसरला तो पुरतो आणि त्यात बिघडण्यासारखा पंप नाही. असे मोठे कूलर सुमारे १६५ मिलिमीटर उंच असतात, त्यामुळे कॅबिनेटच्या माहितीत कूलरची उंची आणि कार्डाची लांबी हे दोन आकडे पाहावेत. पुढच्या बाजूला पाण्याच्या कूलरचा रेडिएटर बसवणार असाल तर त्याची आणि पंख्यांची जाडी कार्डासाठी दिलेल्या जागेच्या लांबीतून वजा करावी.

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचे वडील

आमच्या नव्या संगणकात खेळ व्यवस्थित चालत होते, पण मुलाच्या प्रकल्पाच्या झिप फाइल अधूनमधून उघडत नसत आणि कधीतरी ब्राउझर आपोआप बंद पडे. सर्वांचा संशय विंडोजवर होता. शेवटी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवल्यावर रॅमच्या एका पट्टीत दोष निघाला. कंपनीने पट्ट्यांचा पूर्ण जोड बदलून दिला; तोवर प्रकल्पाची एक प्रत बाह्य डिस्कवर आणि एक क्लाउडवर असल्यामुळे त्याचे काम वाचले. नवा संगणक जोडल्यावर पहिल्याच रात्री रॅमची चाचणी करावी आणि परत करण्याची मुदत संपण्याआधीच हे काम उरकावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. रॅमचा दोष खेळात क्षणभराची त्रुटी म्हणून निघून जातो; प्रबंधाच्या फाइलमध्ये तो कायमचा जतन होतो.

एसएसडीविषयीही लिहितो. पीसीआयई (मदरबोर्डावरील वेगवान जोडणीची पद्धत) ४.० ची एसएसडी सेकंदाला सुमारे ७००० एमबी वाचते आणि ५.० ची १४००० पर्यंत जाते. खेळ सुरू होण्याच्या वेळात हा फरक जवळजवळ जाणवत नाही. आम्ही ४.० ची, पण दुप्पट क्षमतेची घेतली आणि ते समाधानकारक ठरले. काही मदरबोर्डांवर एसएसडीसाठीची विशिष्ट एम.२ खाच वापरली की ग्राफिक्स कार्डाच्या माहिती वाहणाऱ्या १६ मार्गिकांपैकी ८ काढून घेतल्या जातात; मदरबोर्डाच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले असते.

थोडा वेगळा सूर

सगळ्यांनी वरच्या श्रेणीचेच भाग घ्यावेत, हे मला पटत नाही. शाळेच्या अभ्यासाला, म्हणजे लेखन, सादरीकरणे, शिकवणीचे व्हिडिओ आणि साधे प्रोग्रामिंग यांना ६ कोरांचा प्रोसेसर आणि ३२ जीबी रॅम मुबलक होते. सर्वांत वेगाने जुने होते ते ग्राफिक्स कार्ड. म्हणून मी पैसा मॉनिटर, पॉवर सप्लाय, कॅबिनेट आणि कीबोर्ड यांत घातला, कार्ड मधल्या श्रेणीचे घेतले आणि मूल मोठे होऊन त्याचा विषय ठरला की त्या विषयाला साजेसे कार्ड घ्यायचे ठरवले. १४ वर्षांच्या मुलाला पुढे ॲनिमेशन आवडेल की वाणिज्य, हे आज कोणाला माहीत आहे?

धागाकर्ती

आपला वेगळा सूर मला मोलाचा वाटतो. मुलाच्या बाबतीत आम्हीही असाच विचार केला असता, पण मुलीच्या कामामुळे कार्ड लगेचच घ्यावे लागले. वरच्या अनुभवांना जोडून विंडोजविषयी एवढेच लिहिते. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतात. नव्या मदरबोर्डांत दोन्ही असतात, पण काही ऑनलाइन खेळ सिक्युअर बूट प्रत्यक्षात सुरू असल्याशिवाय उघडतच नाहीत, तेव्हा बायोसमध्ये ते तपासावे. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डालाच लावावी, आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा) पाहावा. पडदा १४४ किंवा २४० हर्ट्‌झचा असला तरी विंडोज अनेकदा तो ६० वरच ठेवते. ज्यांनी इंटेलच्या कोअर अल्ट्रा मालिकेवर संगणक जोडला आहे त्यांचा अनुभव अजून आलेला नाही. कोणी वापरत असल्यास प्रोसेसर, मदरबोर्ड आणि अभ्यासाचे सॉफ्टवेअर यांसह लिहावे.