टोकनच्या पाच मिनिटांत गाडी नीट कशी धुवायची?

प्रश्न:
सेल्फ-सर्व्हिस वॉशमध्ये एका टोकनला पाच मिनिटं मिळतात, त्यातच प्रेशरचं पाणी आणि फोम. तेवढ्यात हॅचबॅक पूर्ण धुऊन होते का? क्रम काय ठेवावा? तिथला ब्रश वापरावा का? आणि गाडी वाळल्यावर बॉनेटवर पांढरे ठिपके उमटतात, ते कशाने?

प्रतिसाद १:
होते, पण निम्मं काम टोकन टाकायच्या आधी उरकायला हवं. मॅट्स बाहेर काढा, काचा बंद करा, वायपर ऑटोवर असेल तर बंद ठेवा. पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेवर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून द्या. तिथे प्रेशर मारत बसलात तर टोकन तिथेच संपतं. लांबून आला असाल तर ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकामागची धातूची चकती, आधी थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकू शकते.

मग दीड मिनिट नुसतं पाणी, छतापासून खाली. चाकांच्या वरच्या कमानीत आतून मारा, चिखल तिथेच साठतो. एक मिनिट फोम, तो मात्र खालून वर, म्हणजे जास्त मळलेल्या भागाला मुरायला जास्त वेळ मिळतो. उरलेल्या वेळात वरून खाली धुऊन काढा.

प्रश्नकर्ता:
पण फोम मुरेपर्यंत टायमर चालूच राहतो. मशीनला थांबवायचं बटण नाही.

प्रतिसाद १:
मग दोन टोकनं घ्या. पहिल्यात पाणी आणि फोम, दोन-तीन मिनिटं थांबा, दुसऱ्यात धुणं. घाईत फोम लगेच धुतला तर तो मारून काहीच उपयोग नाही. उन्हात उभे असाल तर कमी थांबा, फोम पत्र्यावर वाळता कामा नये.

प्रतिसाद २:
तिथला ब्रश कृपा करून पेंटला लावू नका. उलटा धरून केसांतून बोटं फिरवा, आधीच्या गाडीची वाळू हाताला लागेल. तीच तुमच्या पेंटवर घासली जाते. काळ्या गाडीवर ऊन तिरपं पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात, ते बहुतेक असेच पडलेले असतात. हाताने धुवायचं असेल तर स्वतःचा मायक्रोफायबर मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) आणि दोन बादल्या न्या: एकीत शाम्पू, दुसरीत मिट खळबळायला साधं पाणी. चाकांचं फडकं वेगळं, कारण ब्रेकच्या काळ्या भुकटीत लोखंडाचे कण असतात.

नोझल पत्र्यापासून निदान एक फूट लांब आणि तिरपं. दगड लागून पेंट उडालेल्या जागी जवळून मारलं तर कडेचा पापुद्रा सुटतो. रेडिएटरच्या जाळीवर जवळून अजिबात नको, पातळ पत्र्या वाकतात.

प्रतिसाद ३:
ठिपके जड पाण्याचे. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. मशीनवर क्षारविरहित पाण्याचं बटण असेल तर शेवटचे तीस सेकंद त्यासाठी राखा. नसेल तर धुण्याच्या जागेतून गाडी सावलीत घ्या आणि लगेच टिपा. जाड टॉवेल पसरून अलगद ओढायचा, गोल घासायचा नाही. आरसे आणि पेट्रोलच्या झाकणातून पाणी नंतर ओघळतं, तिथे शेवटी पुन्हा एकदा फिरवा.

निघाल्यावर हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबा. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर उभी केली तर पॅड डिस्कला चिकटून बसू शकतात.