घर एकाचं, जमीन दुसऱ्याची : अशा मालकाला काय म्हणावं?

अनुवादिका : परळच्या एका जुन्या दस्ताचा अनुवाद करतेय. चाळ एकाची, खालची जमीन फझेंदाराची, म्हणजे जुन्या मुंबईतल्या जमीनमालकाची, आणि चाळवाला त्याला वर्षाचं भाडं देतो. 'घरमालक' लिहिलं तर जमीनही त्याचीच वाटते, 'भाडेकरू' लिहिलं तर चाळच हातची जाते. एकच शब्द आहे का?

गिरणगावकर : इमलामालक. जमीन सोडून नुसतं बांधकाम म्हणजे इमला. जमिनीपोटी देतात ते भुईभाडं. आजोबांच्या तोंडी हेच शब्द होते.

वाड्यातली : पुण्यात 'इमला विकला' म्हणजे वाडा पाडताना खांब, तुळया, दारं विकली. उभ्या घराला इमला म्हटलेलं मी ऐकलं नाही.

गिरणगावकर : मग हवेत इमले बांधतात ते काय तुळयांचे ढीग?

मराठीनिष्ठ : इमला, इमारत दोन्ही अरबीतून आलेले दिसतात. वास्तुस्वामी आणि भूस्वामी ही जोडी घ्या. स्वच्छ आहे, समजायलाही सोपी.

अनुवादिका : पण दस्त वाचणारा अडखळेल. त्याला इमला रोज भेटतो, वास्तुस्वामी कधीच नाही.

पेडण्याचा : गोव्यात शब्द तयार आहे : मुंडकार. जमीन भाटकाराची, घर मुंडकाराचं. 1975 च्या कायद्यामुळे त्याला सहजासहजी हुसकावता येत नाही, घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही मिळाला.

गिरणगावकर : मुंडकार भाटकाराच्या संमतीने राहिलेला, पुष्कळदा त्याच्या भाटाची, म्हणजे बागायतीची, राखण करणारा. चाळ बांधून स्वतः भाडी गोळा करणाऱ्याला ते नाव देऊ नका. मुंडकारांनी त्या हक्कासाठी काय सोसलंय!

पेडण्याचा : हे पटलं. पण नुसत्या 'इमलामालका'त जमीनवाल्याशी असलेलं नातं येत नाही, ते मुंडकारात येतं.

वाडीवाला : 1948 च्या कुळकायद्याचं कलम 17 बघा. कुळाने दुसऱ्याच्या जागेवर घर बांधलं असेल आणि मालक ती जागा विकू लागला, तर पहिला हक्क कुळाचा. नाव मात्र कूळच. आणि कोकणात झाडांचंही असंच असतं. आमच्या जमिनीत फणस चुलत्यांचा आहे. त्यांना काय म्हणाल?

वाड्यातली : वादळात तो पडला तर लाकूड कुणाचं?

वाडीवाला : त्यांचंच. पण त्या जागी नवा लावायचा तर आम्हाला विचारावं लागतं.

पेडण्याचा : आमच्याकडे माडांवरून असेच तंटे. पाडेली नारळ पाडायला आला की दोन्ही घरं माडाखाली हजर!