'भावना कळत नाहीत': स्वमग्न मुलांबद्दल लिहिताना नेमकं क्रियापद कोणतं?

प्रश्न

मी विशेष शिक्षिका आहे. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांचे प्रगती-अहवाल पालकांसाठी मराठीत लिहिते. त्यांत एक वाक्य पूर्वीपासून चालत आलंय: 'इतरांच्या भावना कळत नाहीत.' हे वाक्य घरी पोचलं की त्याचा अर्थ 'पोराला माया नाही' असा लावला जातो, आणि मग आजी-आजोबा त्याच नजरेने त्याच्याकडे बघू लागतात. मला हे वाक्य खरं वाटत नाही. बहीण रडायला लागली की कानांवर हात दाबून कोपऱ्यात जाणारं मूल मी पाहिलंय. त्याच्यापर्यंत काहीच पोचलं नाही असं कसं लिहू? दिसणे, ओळखणे, वाचणे, जाणणे यांतलं काय वापरावं?

प्रतिसाद

'कळणे' फार ढोबळ आहे. समोरच्याचा राग आधी दिसावा लागतो, मग तो राग आहे हे ओळखू यावं लागतं, आणि आपल्याला त्याचं काही वाटणं ही आणखी निराळी गोष्ट. 'कळत नाही' म्हटलं की तिन्ही एका फटक्यात नाकारली जातात.

यातल्या 'दिसणे'वर बरंच काम झालंय. येल विद्यापीठात अमी क्लिन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली स्वमग्न किशोरांना आणि तरुणांना चित्रपटातले प्रसंग दाखवून त्यांची नजर पडद्यावर कुठे जाते हे उपकरणाने टिपलं. इतरांची नजर पात्रांच्या डोळ्यांवर खिळत होती. यांची नजर डोळ्यांवर कमी, तोंडावर, अंगावर आणि आसपासच्या वस्तूंवर जास्त होती. पुढे वॉरन जोन्स आणि क्लिन यांनी २०१३ साली तान्ह्या बाळांबद्दल लिहिलं: ज्यांना नंतर स्वमग्नतेचं निदान झालं, ती बाळं दोन महिन्यांची असताना डोळ्यांकडे पाहत होती, पण दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते पाहणं कमी होत गेलं. सगळी मुलं एका साच्यातली नसतात, तरी मूल बघतच नाही असं यातून निघत नाही. ते चेहऱ्यावर कुठे बघतं, हा प्रश्न आहे.

आता आपली भाषा बघा. राग आला की आपण डोळे वटारतो, भुवया ताणतो, कपाळाला आठ्या घालतो. सगळं चेहऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागात. भीतीने डोळे विस्फारतात, तेही तिथेच. हसू मात्र ओठांवर आणि गालांवर असतं. ज्याची नजर तोंडाशी थांबते त्याला हसू सापडतं, वटारलेले डोळे निसटतात. आनंदी चेहरा ओळखायला या मुलांना सहसा सर्वांत सोपा जातो, भीती आणि राग अवघड, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. 'मी एवढे डोळे मोठे केले तरी हा ऐकत नाही' अशी तक्रार करणाऱ्या आईला हे कुणीतरी सांगायलाच हवं.

प्रतिसाद

मी पालक आहे. अहवालांत 'नजर चोरतो' असं कृपा करून लिहू नका. मराठीत नजर चोरतो तो अपराधी! 'नजरेला नजर देत नाही' यातही तोच वास आहे. भारतात वापरल्या जाणाऱ्या 'इसा' या स्वमग्नता मोजण्याच्या ४० मुद्द्यांच्या मापनश्रेणीत पहिलाच मुद्दा डोळ्यांकडे पाहण्याचा आहे, म्हणजे हे वाक्य प्रत्येक घरी जाणार. 'नेत्रसंपर्क' कोरडा, 'नजरभेट' प्रेमकवितेतला. 'बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे कमी वेळ पाहतो' एवढं साधं पुरे. डोळ्यांत पाहणं असह्य होतं, असं अनेक स्वमग्न प्रौढांनी स्वतः सांगितलंय. 'इकडे बघ, माझ्याकडे बघ' म्हणत हनुवटी धरणं तर थांबायलाच हवं.

प्रतिसाद

'ओळखणे'मध्येही दोन गोष्टी आहेत. चित्रकार्डावरचा चेहरा ओळखणं वेगळं आणि घरात आजोबा चिडलेत हे ओळखणं वेगळं. कार्डावरचा चेहरा थांबलेला असतो आणि त्यावर एकच भाव असतो. अहवालात यांची दोन वाक्यं करा.

शिवाय अलेक्सिथिमिया. स्वतःला काय वाटतंय ते ओळखता न येणं, त्याला शब्द न सापडणं. पीटर सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकात ही संज्ञा रूढ केली. जेफ बर्ड आणि रिचर्ड कुक यांनी २०१३ साली मांडलं की दुसऱ्याचे भाव ओळखण्यातली अडचण स्वमग्नतेमुळे नसून तिच्याबरोबर पुष्कळदा आढळणाऱ्या या गोष्टीमुळे असावी. सुमारे निम्म्या स्वमग्न व्यक्तींमध्ये ती दिसते. मराठी प्रतिशब्द मुद्दाम घडवू नये. अलेक्सिथिमियाच लिहून पुढे एका ओळीत समजावून सांगावं.

प्रतिसाद

'वाचणे' नको. 'माणसं वाचतो' हे आपण चाणाक्ष माणसाबद्दल म्हणतो. आणि 'कळत नाहीत' एकाच बाजूने का? डेमियन मिल्टन यांनी, जे स्वतः स्वमग्न आहेत, २०१२ साली हेच विचारलं: इतरांना तरी स्वमग्न माणसाचं मन कुठे कळतं? कान झाकलेल्या त्या मुलाला निर्विकार म्हणणाऱ्यांनाही त्याचे भाव कळलेले नाहीतच.

मूळ प्रश्नकर्ती

मग असं लिहीन: 'बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे कमी वेळ पाहतो. चित्रातला हसरा चेहरा ओळखतो, रागावलेला ओळखताना गोंधळतो. घरात कुणी रडलं की अस्वस्थ होतो.' तिसरं वाक्य आजवर मी कधीच लिहिलं नव्हतं.

प्रतिसाद

'गोंधळतो'च्या जागी 'वेळ लागतो' बसत असेल तर ते लिहा. फ्रान्समध्ये कॅरोल तार्दिफ, ब्रुनो गेप्नर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली चेहऱ्याच्या हालचाली संथ करून दाखवल्या, तेव्हा स्वमग्न मुलांना भाव अधिक चांगले ओळखता आले. तुमच्या मुलाबाबतीत तसं आहे का, हे वर्गात करून बघता येईल: रागावलेला चेहरा सावकाश करून दाखवा आणि त्याला उत्तराची घाई करू नका.