भाचीला क्लबचा करार आलाय, बारावी अर्धी आहे. पाठवावी का?

भुसावळचा_मामा

मंडळी, भाची १७ वर्षांची. ताईचं घर यावल रस्त्याला, दाजींची केळी. पोरगी सहावीपासून भुसावळला माझ्याकडे राहून पोरांमध्ये फुटबॉल खेळत आली, डावी विंग. शिबिरात कुणीतरी पाहिली आणि आता केरळातल्या एका क्लबनं एक वर्षाचा करार पाठवलाय. राहणं-जेवण त्यांचं, वर थोडा पगार. आकडा लिहीत नाही. केळीची गाडी भरणाऱ्या माणसाच्या हातात महिन्याला जे पडतं, त्याहून फार जास्त नाही.

दाजी म्हणतात, बारावी होऊ दे, मग बघू. ताई त्यांच्यासमोर गप्प असते आणि रात्री मला फोन करते.

भाचीनं घरात एकच नाव लावून धरलंय, ऑलिव्हिया मोल्ट्री. अमेरिकेची. ११ व्या वर्षी तिनं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची स्कॉलरशिप स्वीकारली आणि १३ व्या वर्षी तीच सोडून नायकीशी करार करून व्यावसायिक झाली. तिथल्या महिला लीगचा नियम होता की १८ पूर्ण झाल्याशिवाय करार नाही. पुरुषांच्या लीगमध्ये मात्र अशी आडकाठी नव्हती. २०२१ मध्ये ती कोर्टात गेली, मनाई हुकूम मिळवला आणि १५ व्या वर्षी पोर्टलंड थॉर्न्सकडून मैदानात उतरली. भाचीचं म्हणणं, "तिला कोर्टात जावं लागलं. मला तर फक्त बाबांची सही पाहिजे."

मी तिच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. तुमचं मत सांगा.

तापीकाठ

मामा, मोल्ट्रीची गोष्ट अर्धीच सांगितली तुम्ही. तिच्यापायी अख्खं घर कॅलिफोर्नियातून पोर्टलंडला गेलं. नायकीचे पैसे होते, वकील होते. दाजी केळी सोडून केरळात राहायला जाणार आहेत का?

आता आपली लीग बघा. इंडियन विमेन्स लीग २०१७ ला सुरू झाली तेव्हा संघ एकाच शहरात जमायचे, दोन-तीन आठवड्यांत स्पर्धा आटोपायची. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने २०२३-२४ पासून होऊ लागले. २०२४-२५ ला ८ संघ, प्रत्येकाला १४ सामने. म्हणजे तीन-चार महिन्यांचा खेळ. उरलेल्या आठ महिन्यांत पोरगी काय करणार, हे करारात लिहिलंय का?

पाचोऱ्याचा_गडी

पोर खेयी ऱ्हायनी ना, मंग खेयू द्या तिले. बारावी काय पयी जाई का?

तापीकाठ

बारावी पळत नाही, भरतीचं वय पळतं. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पदाची शिक्षणाची अट त्यातून सुटत नाही. राष्ट्रीय पदक गळ्यात आणि हातात फक्त दहावीचा निकाल, अशी पोरं मी भरतीच्या रांगेत पाहिलीत. रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा आहे, सशस्त्र सीमा बलाचा महिला संघ लीग खेळून गेलाय. ज्या दारांतून पगार, पेन्शन आणि मैदान तिन्ही मिळतं, तिथं आधी कागद बघतात.

कापूसवाली

मी धुळ्याची. मी खेळायचे. विद्यापीठापर्यंत खेळले, पुढे नाही.

तुम्ही सगळे 'आधी बारावी' म्हणताय ना, मला तेच सांगितलं होतं. केली. मग आधी बी.ए. कर. केलं. मग स्थळ आलं, चांगलं होतं, नोकरीवालं. बूट माहेरच्या माळ्यावर होते, भाऊ त्याच्या पोराला घेऊन गेला. कुणी मला खेळू नको असं कधीच म्हटलं नाही, हे गंमतीचं आहे. फक्त प्रत्येक वेळी खेळाच्या आधी दुसरं काहीतरी असायचं.

मुलगा असता तर हाच धागा निघाला असता का? पोरगा आयटीआय सोडून पुण्याला कंपनीत लागला तर आपण पेढे वाटतो.

बारावीचं म्हणाल तर १७ नंबरचा फॉर्म आहे, खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येतं. नाहीतर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. आर्ट्स आहे ना तिची? मग अडतंय कुठे? फॉर्मची तारीख तेवढी चुकवू नका, कॉलेजवाले स्वतःहून सांगत नाहीत.

तापीकाठ

ताई, तुमचं पटतं, म्हणून मुद्दा बदलत नाही. पोराला पुण्यात कंपनी पीएफ कापून पगार देते. इथे तेही नाही. २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशननं जाहीर केलं होतं की लीगमधल्या क्लबांनी किमान १० भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान ३ लाख २० हजारांचा करार करावा. मामा, भाची त्या दहांत आहे का अकरावी? मला वाटतं अकरावी.

भुसावळचा_मामा

अकरावीच दिसतेय, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. पण मनीषा कल्याण बघा. पंजाबच्या खेड्यातली पोरगी, गोकुलम केरळकडून खेळली, २०२१ ला ब्राझीलविरुद्ध गोल केला आणि २०२२ ला सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून युरोपातल्या महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. तिथं खेळलेली पहिली भारतीय. तेव्हा वय २० वर्षं. बी.ए. होईपर्यंत थांबली असती तर?

आणि इथं काय ठेवलंय? कोल्हापूर सिटी दोनेक सिझन लीग खेळली. २०२४-२५ च्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. जळगाव-धुळे तर सोडूनच द्या. मे महिन्यात ४५ अंशात आमच्याकडे सकाळी साडेसहाला सराव संपवावा लागतो.

तापीकाठ

एक मनीषा सगळेच सांगतात. २०२२ चा १७ वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप आपल्याच देशात झाला. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. त्या संघातल्या किती मुली तुम्हाला नावानं आठवतात?

कापूसवाली

आठवत नाहीत, कारण आपण बघितल्याच नाहीत. अमेरिकेची ती वर्षभर लीग खेळून आलेली पोरं, आणि आपली शिबिरात वाढलेली. आठ गोल सामन्यांच्या कमतरतेचे होते. आणि तुमचा उपाय काय, तर पोरीला अजून दोन वर्षं सामन्यांपासून लांब ठेवा. व्वा.

२०२५ च्या जुलैत चियांग माईला सिनियर संघानं थायलंडला २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि पात्रता फेरी खेळून आशिया कप गाठला. आधी असं कधी झालं नव्हतं. तेही मोजा की.

गुडघेदुरुस्ती

जळगावात फिजिओथेरपी करतो. पाठवा की नको यात पडत नाही, माझा प्रश्न एकच आहे. गुडघा कुणाचा?

एसीएल, म्हणजे गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, मुलींचा मुलांपेक्षा निदान दुपटीनं जास्त तुटतो. कुणी धडकावं लागत नाही. पळता पळता दिशा बदलली, उडी मारून एका पायावर उतरली, खलास. लिया विल्यमसन आणि बेथ मीड इंग्लंडच्या, तरी २०२३ चा वर्ल्ड कप याच दुखापतीनं हुकला. शस्त्रक्रिया, मग नऊ महिने ते वर्ष.

त्यांच्यामागे क्लबचा डॉक्टर होता. आपल्याकडे काळ्या मातीचं मैदान उन्हाळ्यात भेगाळतं आणि पावसाळ्यात चिखल. पोरगी लंगडत घरी येते, आई हळद-तेल लावते, आणि चार महिन्यांनी माझ्याकडे येतात तेव्हा मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादीसुद्धा गेलेली असते. (दर वर्षी दोन-तीन तरी. कबड्डीवाल्या वेगळ्या.)

तर करारात बघा: विमा आहे का, सरावातली दुखापत धरलीय का फक्त सामन्यातली, आणि जखमी असताना पगार चालू राहतो का. आणि वॉर्म-अपमध्ये उडी-उतरण्याचे व्यायाम रोज करते का, ते आजच विचारा. त्याला करार लागत नाही.

टचलाईनवरून

बरीच वर्षं पोरं खेळवलीत, म्हणून दोन गोष्टी. भाची अजून १८ ची नाही, त्यामुळे तिच्या एकटीच्या सहीला कायद्यात अर्थ नाही. दाजींची सही म्हणजे नुसता होकार समजू नका, करारात ते स्वतः बांधले जातात. फिफाच्या नियमानं १८ च्या आतल्या खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा लांब करता येत नाही. 'एक वर्ष' लिहून खाली 'क्लबच्या इच्छेनुसार मुदतवाढ' असं बारीक अक्षरात असतं, ते शोधा. वाढवायचा हक्क दोघांना असेल तर ठीक, एकट्या क्लबला असेल तर खोडा.

दुसरं, एनओसी. आमच्या एका पोरानं क्लब सोडला, क्लबनं एनओसी अडवून धरली, अख्खा सिझन घरी बसला. फेडरेशनच्या नोंदणी प्रणालीत सध्या तिची नोंद कुणाच्या नावावर आहे ते तपासा. बऱ्याचदा गावच्या अकॅडमीनं परस्पर करून ठेवलेली असते.

बाकी तापीकाठ, तुम्ही इतका वेळ शिक्षणावर बोलताय, पण ट्रिनिटी रॉडमनसुद्धा कॉलेजचा एकही सामना न खेळता १८ व्या वर्षी लीगमध्ये आली. त्याच वर्षी, २०२१ ला, वॉशिंग्टन स्पिरिट विजेते आणि ती सर्वोत्तम नवोदित.

तापीकाठ

आणि २०२२ ला चार वर्षांचे ११ लाख डॉलर. बाप डेनिस रॉडमन, एनबीएवाला. ती पडली असती तरी गादीवर पडली असती. आमची पडली तर केळीच्या वाफ्यात.

मी पोरीच्या विरोधात नाही. क्लबला १७ ची पोरगी स्वस्तात मिळते, हे कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतोय.

भुसावळचा_मामा

काल रात्री ताईकडे बसून करार ओळीओळीनं वाचला. दाजी पण बसले, आधी टीव्हीकडे तोंड करून, मग नाही.

मुदतवाढ निघाली, एकट्या क्लबच्या बाजूची. विम्यात 'सामन्यादरम्यान' एवढंच आहे. सकाळी फोन केला. मुदतवाढीची ओळ काढायला तयार झाले. सरावातल्या दुखापतीचं 'मॅनेजमेंटला विचारून सांगतो'. नोंदणी इथल्याच एका अकॅडमीच्या नावावर निघाली, टचलाईनवाल्यांनी सांगितलं तस्संच. सोमवारी तिकडे जातो. १७ नंबरच्या फॉर्मचं काम ताईनं स्वतःकडे घेतलंय, तापीकाठ, तेवढं तुमच्यामुळे.

भाची म्हणाली, एवढे प्रश्न विचारले तर ते दुसरी मुलगी घेतील. घेतील कदाचित. मला रात्रभर झोप नाही.

दाजींनी सगळं झाल्यावर एकच विचारलं. मंगला एक्सप्रेसनं तिकडं पोचायला दिवस-रात्र जाते, तर दिवाळीला यायचं-जायचं भाडं कोण देणार? आम्ही सगळ्यांनी करार परत चाळला. ते कुठेच नव्हतं. सोमवारी तेही विचारतो.