घरचा पैसा हंगामाला येतो, खोलीभाडं दर महिन्याला. जळगावात ६ हजारात कसं बसवायचं?

शहाद्याची_पोर:
नमस्कार सगळ्यांना. मी शहादा तालुक्यातली, यंदा जळगावला विद्यापीठात एमएस्सी केमिस्ट्रीला ॲडमिशन घेतलं. हॉस्टेलच्या लिस्टमध्ये नंबर लागला नाही म्हणून खोटे नगरला तिघी जणींनी मिळून खोली केलीय. घरून महिन्याला ६ हजार येतात आणि मागच्या महिन्यात १९ तारखेलाच हातात ११० रुपये उरले, पुढचे दिवस रूममेटकडून ५०० घेऊन काढले. तेव्हापासून वहीत सगळं लिहितेय. खोलीचे माझ्या वाट्याचे १८००, मेस दोन टाईम २६००, लाईटचे अडीचशे, विद्यापीठात जायला शेअर रिक्षा २० आणि यायला २०, बाकी रिचार्ज, झेरॉक्स, साबण वगैरे. हॉटेलात फक्त एकदा गेलो, मैत्रिणीच्या वाढदिवसाला शेवभाजी खायला, वाट्याला १३० आले आणि त्या १३० चं मला इतकं वाईट वाटलं की रात्री झोप नाही आली.

पप्पा फोनवर दर वेळी म्हणतात कमी पडलं तर सांगजो. पण कापूस अजून झाडावर आहे, पपईची तोड दसऱ्यानंतर, आणि बियाणं-खतं उधारीवर आणलीत हे मला माहीत आहे, मग तोंडातून शब्दच निघत नाही. मी नक्की कुठे चुकतेय ते कोणी सांगेल का? यूट्यूबवरचे बजेटचे व्हिडिओ बघितले, सगळे पगारवाल्यांचे आहेत, १ तारखेला पैसे येतात असं धरून चाललेले.

गिरणाकाठ:
ताई आधी ते १३० रुपये डोक्यातून काढ. तू लिहिलंय त्याचीच बेरीज कर ना. १८०० + २६०० + २५० झाले ४६५०, रिक्षा रोज ४० धरून २४ दिवसांचे ९६०, टोटल ५६१०. उरतात ३९०. म्हणजे दिवसाला १३ रुपये, त्यात रिचार्ज पण, जर्नलचं झेरॉक्स पण आणि आजारी पडलीस तर गोळ्या पण. तू उधळत नाहीयेस, पैसे मुळातच कमी आहेत. मी पण पहिल्या सेमला असंच स्वतःला दोष देत बसायचो (मी धुळे तालुक्यातला, एमकॉम सेकंड इयर) म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आता कुठे वाचेल ते सांगतो. सगळ्यात आधी रिक्षा. डिपार्टमेंटमधून बोनाफाईड घे आणि एसटीचा विद्यार्थी पास काढ, तिकिटाच्या साधारण एक तृतीयांश पैशात महिना निघतो. एरंडोल, धरणगावकडे जाणाऱ्या साध्या गाड्या विद्यापीठावरूनच जातात, फक्त टाईम पाठ करावा लागतो आणि सकाळची गाडी चुकली तर त्या दिवशी रिक्षा पकडावीच लागते, ते धरून चाल. घरी जाताना खाजगी गाडीत बसू नको, मार्च २०२३ पासून एसटीत बायका-मुलींना अर्धं तिकीट आहे, चोपडा-शिरपूरवरून शहादा तेवढं लांब जायचं म्हणजे फरक चांगलाच पडतो.

दुसरं, मेसचे खाडे. नवीन पोरं हे विचारतच नाहीत. आमच्या मेसमध्ये दाराशी खिळ्याला सुतळीने बांधलेली एक वही असते, घरी जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ६ च्या आत त्यात नाव आणि तारखा लिहायच्या, सलग दोन दिवस असले तरच पैसे कापतात. मावशींना नुसतं तोंडी सांगितलं तर महिन्याच्या शेवटी त्यांनाही आठवत नाही आणि आपल्यालाही, मग उगाच वाद. तू २६०० देतेस म्हणजे एका जेवणाचे ४३ च्या आसपास. चार दिवस घरी गेलीस की साडेतीनशे वाचतात. हे पैसे सरळ रिचार्जला ठेव.

आणि मार्चपासून इथे कूलरशिवाय झोप लागत नाही, एप्रिल-मेत लाईटबिल वेगळंच येतं. त्याचं आत्तापासून डोक्यात ठेव.

चोपडा_एक्स्प्रेस:
मेस एक टाईमची कर आणि रात्री रूमवर खिचडी लाव, हजार रुपये सरळ वाचतात. आम्ही चौघं तसंच करतो.

तापीकाठची:
एक टाईमचं मला नाही पटत, रागावू नका. आमच्या रूममध्ये एकीने हेच केलं होतं, खिचडी चार दिवस टिकली, मग रात्री बिस्कीटपुडा नाहीतर मुरमुरे. दिवाळीआधी लॅबमध्ये चक्कर येऊन पडली, हिमोग्लोबिन ८ निघालं, सलाईन, तपासण्या, वाचवलेलं सगळं दोन दिवसांत गेलं आणि प्रॅक्टिकल बुडालं ते वेगळंच. चौघांनी मिळून रोज नीट रांधत असाल तर गोष्ट वेगळी, पण केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल दिवसभर उभं राहून असतं, पोटावर वाचवू नको ग. त्यापेक्षा घरून दादरचं म्हणजे ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, बिबड्या (ज्वारीचे पापड) आण. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते ना, तेव्हाच पोरी बाहेर खातात आणि तिथेच दीडशे-दोनशे जातात. आमच्याकडे एक छोटा गॅस आहे पाच किलोवाला, रविवारी त्याच्यावर भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, चौघीत २० रुपयाचं दही. पोट भरतं आणि घरची आठवण पण जरा कमी येते.

सातपुडा_पायथा:
तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस म्हणून सगळंच सांगते. वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही अशांसाठी एससीला स्वाधार आहे, अनुसूचित जमातीला स्वयम् आहे, ओबीसी-व्हीजेएनटीला सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मला स्वयम् मिळालं, जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाचे ४३ हजार, म्हणजे भोजन २५, निवास १२ आणि निर्वाह ६. पण नीट ऐक, हे पैसे हप्त्याने येतात आणि उशिरा येतात, त्यामुळे घरमालकाला यातून देईन असं कधीच ठरवू नको. आले की आधी उधारी फेड, उरलेलं पुढच्या सेमसाठी. आणि बँकेत जाऊन खात्याला आधार लिंक आहे का ते आजच बघ, माझा एक हप्ता त्याच्यामुळेच अडकला होता. विद्यापीठात कमवा आणि शिका पण आहे, विद्यार्थी विकास विभागात जाऊन फॉर्म भर, लायब्ररीत काम मिळालं तर चांगलंच, तिथे बसून वाचन पण होतं.

रावेरचा_केळीवाला:
पोरी, मी विद्यार्थी नाही, बाप आहे. दोन मुली जळगावला शिकवल्या म्हणून लिहितो. शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो आणि बठ्ठा एकदम येतो, आला की सोसायटी, दुकानदार, मजुरी यातच जातो. मोठीच्या वेळेस ती फोन करेल तसे पैसे टाकायचो. ती कधी मागायचीच नाही, मला वाटायचं भागतंय. नंतर कळलं पोरीने एक सेमिस्टर पुस्तकंच घेतली नव्हती, मैत्रिणीची वापरली. ते अजून मनाला लागतं.

धाकटीच्या वेळेस केळी कापली त्याच आठवड्यात घरमालकाला सहा महिन्यांचं भाडं एकदम दिलं, त्याने महिन्याला २०० कमी केले. परीक्षा फॉर्म, पुस्तकं, अॅप्रन, कूलर हे वर्षाचे खर्च तिच्या वेगळ्या खात्यात टाकले. मग दर महिन्याला फक्त मेस आणि वरखर्च पाठवायचा राहिला, तो दुधाच्या पैशातून निघायचा. मेसला मात्र अॅडव्हान्स देऊ नको, आमचे दीड महिन्याचे पैसे एका मेसवाल्याकडे बुडाले, रातोरात बंद करून गेला.

तुझे पप्पा सांगजो म्हणतात ना, मग सांग. पण कमी पडतं असं सांगू नको, वही वाचून दाखव. बापाला आकडा कळला की तो कपाशी विकताना तेवढे पैसे बाजूला काढतो, आकडा नसला तर ते दुकानदाराकडे जातात.

शहाद्याची_पोर:
सगळ्यांना मनापासून थँक्यू, दोन दिवस परत परत वाचत होते. काल रात्री पप्पांना फोन करून वही वाचून दाखवली. बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले रिक्षाले रोज ४०? मी पासचं सांगितलं. म्हणाले दसऱ्यापर्यंत असंच ओढ, पहिली तोड झाली की भाडं मार्चपर्यंतचं एकदम देऊन टाकू, तू मालकाला विचारून ठेव. मालक काकू १०० कमी करायला तयार झाल्यात, २०० ला नाही. रूममेटचे ५०० तेवढे पप्पांनी लगेच टाकले.

बोनाफाईडला दोन दिवस लागले पण मिळालं, उद्या पास काढतेय. गणपतीला चार दिवस घरी चाललेय, मेसमध्ये विचारलं तर इथे पण खाड्याची वही निघाली, टीव्हीच्या मागे ठेवलेली असते, मला दोन महिन्यांत कोणी सांगितलंच नव्हतं. नाव लिहून आले. येताना आई दादरचं पीठ देणार आहे, आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, मार्च, कूलर, तिघींत.